खुशाल जा सगळे

३ मार्च, सोमवार

प्रशिक्षणाच्या बाई चंद्रपूरहून आल्या होत्या. मोहर्लीच्या सभागृहात आम्ही चाळीसेक गाइड आणि ड्रायव्हर बसलो होतो. त्या म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, मनात बोलता तशाच लिहा, कोणाला दाखवू नका. त्याने बोलण्याला वळण लागतं. मी बारा वर्षांपासून पर्यटकांना जंगल दाखवतो. या वयात मला वळण लावून घ्यायची गरज वाटत नाही. पण वनखात्याने दिलेली ही वही घरात कोरी पडली होती, म्हणून लिहायला बसलो.

बाईंनी पर्यटकांनी इंटरनेटवर लिहिलेले अभिप्राय वाचून दाखवले. नावं घेतली नाहीत. एक असा होता: 'गाइडला माहिती भरपूर, पण काही विचारलं की रागावल्यासारखं उत्तर देतो. आम्ही तीन तास शाळेतल्या पोरांसारखे गप्प बसलो.' सगळे हसले, मीही हसलो. माझ्या गावचा प्रफुल, जो सफारीची जिप्सी चालवतो, तो हसताना माझ्याकडेच पाहत होता.

दुसरा अभिप्राय: 'घरच्या मुलीने हात धरून जंगल दाखवावं तसं वाटलं.' हा कोणाबद्दल आहे ते सांगावं लागलं नाही. दिव्यानी मान खाली घालून बसली होती.

दिव्यानी आमच्याच बेलडोहची. चार वर्षांपूर्वी कॉलेजात होती तेव्हा माझ्या मागे लागली, भाऊ, मले पायाचे ठसे ओळखायला शिकवा. मी शिकवलं. नर कोणता, मादी कोणती, ठसा पहाटेचा की कालचा. ओल्या वाळूत गुडघे टेकून शिकवलं. फक्त नोंद म्हणून लिहितो.

९ मार्च, रविवार

गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'बेलडोह वाघ खबर'. तीन वर्षांपूर्वी मीच काढला. दोनशे बारा लोक आहेत. वाघ दिसला, ठसे दिसले, गुरं ओरडली, की मी लिहितो. 'वाघ तलावाच्या पाळीवर. जाऊ नये.' एवढंच. वाघाच्या बातमीत गोडवा काय घालायचा?

आज आमच्या बीटचे वनरक्षक वारलूभाऊ घरी आले. चहा घेतला, तंबाखूचा खर्रा चोळला, आणि मग हळूच म्हणाले, की आता ग्रुप दिव्यानी सांभाळेल. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "हेमराज, तुझे मेसेज म्हनजे पोलिसाच्या नोटिसा. लोक वाचतेत आन् चिडतेत. ते पोरगी आवाजात पाठवन. म्हताऱ्या मानसायले वाचता येत नाई, पन आयकू येते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी तिचा पहिला संदेश आला. "नमस्कार बाप्पा, मी दिव्यानी बोलून राह्यली. वाघीन आपल्या तलावाकडं हाय. बकऱ्या आज लौकर आना. आन् घाबरू नोका, तिले आपल्याशी काई घेनंदेनं नाई, आपन तिच्या वाटेत नाई आलो म्हनजे झालं." पस्तीस जणांनी हात जोडले. तीन वर्षांत माझ्या एकाही मेसेजला कोणी हात जोडले नव्हते.

माझ्या बायकोने, चंचलने, तो संदेश दोनदा ऐकला. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "चांगला वाटला म्हून आयकला." मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "तुमचं 'जेवलीस का' बी हुकूमच वाटते."

१३ मार्च, गुरुवार

होळी. दिव्यानीने होळीच्या लाकडांबद्दल संदेश टाकला, जंगलातलं ओलं लाकूड तोडू नका म्हणून. मागच्या वर्षी मीही हेच लिहिलं होतं. तेव्हा लोक म्हणाले, हेमराज सण करू देत नाही. यंदा म्हणाले, पोरीचं बरोबर आहे.

१८ मार्च, मंगळवार

मंगळवारी जंगलाचं गेट बंद असतं, घरीच होतो.

मोहफूल पडायला लागलं. गाव पहाटे रिकामं होतं. शेजारचे सोमाजीभाऊ आणि आशाबाई तर अंधारातच निघतात. त्यांची मोहाची तीन झाडं आंबेनाल्याच्या काठावर आहेत, त्यांच्या आजोबांच्या काळापासून ती झाडं त्यांचीच मानतात. दोघं साठीच्या पुढचे. या दिवसांत मला सगळ्यात भीती वाटते ती अशा लोकांची. फूल वेचायला माणूस वाकतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही, जनावर दिसतो.

मागच्या आठवड्यात दिव्यानीने दोनदा नाल्याबद्दल सावध केलं. दोन्ही वेळा वाघीण तिकडे फिरकलीही नाही. लोकांचा दोन दिवसांचा मोह सडला. माझ्या हातून असं झालं असतं तर घरापुढे येऊन बोलले असते. तिला कोणी काही बोललं नाही. उलट आशाबाई मला म्हणाल्या, "पोरगी जपून राह्यते, बाबा. आपल्यासाठीच तं करते."

मी त्यांना सांगितलं, जपून राहणं आणि माहीत असणं यात फरक आहे. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. टोपली विणत होत्या.

२२ मार्च, शनिवार

सकाळच्या फेरीत वाघीण आणि दोन बछडे दिसले. पुण्याचे पाहुणे होते. मी मुद्दाम हळू आवाजात, हसून बोलायचा प्रयत्न केला. उतरताना त्यातल्या आजींनी विचारलं, तुमची तब्येत बरी नाही का?

२५ मार्च, मंगळवार

आज दुपारी वारलूभाऊंचा फोन आला. पुढच्या महिन्यात चंद्रपूरला मोठी कार्यशाळा आहे, वेगवेगळ्या गावांचे लोक येणार आहेत, गावाला वाघाची खबर कशी द्यावी या विषयावर. बेलडोहतर्फे दिव्यानी बोलणार. मी विचारलं, ग्रुप कोणी काढला हे तरी ती सांगेल का? ते म्हणाले, सांगन ना, तुझं नाव घेईन ती. म्हणजे माझं नाव आता ती घेणार.

चार वाजता मी एकटाच आंबेनाल्याकडे गेलो. पाणी थोडंच आहे, वाळू ओली आहे. वरच्या अंगाला अर्धा किलोमीटर चाललो. एकही ताजा ठसा नाही. खालच्या अंगाला, बांबूच्या बेटाकडे, गेलो नाही. ऊन होतं, आणि मला जे पाहायचं होतं ते दिसलं होतं.

सहा वाजता तिचा संदेश आला. "वाघीन पिलायसोबत नाल्याच्या खालतं बांबूत बसली हाय. उद्या सकारी नाल्याच्या मोहाकडं कोनी जाऊ नोका. एक दिवस फूल गेलं तं गेलं, बाप्पा. जीव राह्यला पायजे." पुन्हा हात जोडलेले, फुलं, काय काय. एकाने लिहिलं, दिव्यानीताई आपल्या गावचं भूषण.

मी लिहिलं: 'वा. वाघ आता दिव्यानीबाईले विचारूनच फिरते म्हणा की.' प्रफुलने त्यावर हसरं तोंड लावलं. आणखी दोघांनी लावलं. मग मी दुसरा मेसेज टाकला: 'उद्या नाल्यावर वाघ नाही. खुशाल जा सगळे.' त्यालाही प्रफुलने हसरं तोंड लावलं.

बरं वाटलं. फार दिवसांनी कोणी माझ्या बोलण्यावर हसलं. ग्रुपवर सगळ्यांना कळलं असेल की मी टोमणा मारला. दिव्यानीने उत्तर दिलं नाही.

२६ मार्च, बुधवार

आशाबाईंना वाघिणीने धरलं.

पहाटे साडेपाचला मी मोहर्लीच्या गेटवर होतो. जंगलात मोबाईलला रेंज नसते. सव्वादहाला बाहेर आलो तेव्हा फोन थरथरतच राहिला. सोमाजीभाऊ आणि आशाबाई नाल्याच्या मोहाखाली वेचत होते. बांबूतून आली. खांदा धरला आणि दहा-बारा पावलं ओढत नेलं. सोमाजीभाऊंनी टोपली फेकली, कुऱ्हाडीचा दांडा झाडावर आपटत ओरडत राहिले. वाघिणीने सोडलं. उजवा खांदा फाटला आहे, कान गेला, डोक्याची कातडी सोलली आहे. जीव आहे. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

हे सगळं मला ग्रुपवर वाचूनच कळलं. वाचता वाचता मी वर, कालच्या संध्याकाळपर्यंत गेलो आणि माझे दोन्ही मेसेज सगळ्यांसाठी हटवले. त्यानंतर घरी फोन लावला.

आधी हटवले, मग फोन लावला. हा क्रम इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

परत येताना प्रफुल गाडी चालवत होता. गावाच्या वळणावर म्हणाला, "भाऊ, आपन काई पाह्यलं नाई."

२८ मार्च, शुक्रवार

ग्रामपंचायतीत सभा झाली. वनखात्याचे, आमच्या क्षेत्राचे साहेब आले होते. सोमाजीभाऊ दवाखान्यातच आहेत. लोक संतापले होते. एक म्हणाला, ग्रुपवर रोज एक जण जा म्हणतो, रोज एक जण जाऊ नका म्हणतो. दुसरा म्हणाला, खुशाल जा असं आलं होतं, मी स्वतः वाचलं होतं. कोणाचं होतं ते त्याला आठवेना. अपघातानंतर दोन दिवसांत तीनशेवर मेसेज पडले आहेत. हटवलेल्या मेसेजवर नाव राहतं, पण इतकं वर जाऊन कोण पाहणार? मग कोणीतरी बोललं, ग्रुप चालवते ती दिव्यानी, तर तिनेच टाकलं असणार. बायकांमधून आवाज आला, आधी दोनदा खोटं भेव दाखवलं, आता खरं तं खुशाल जा.

साहेबांनी तिला विचारलं. ती उभी राहिली. माझ्याकडे एकदा पाहिलं, फार वेळ नाही. मग म्हणाली, "मी तसं बोलली नाई. पन ग्रुपची ॲडमिन मी हाय. त्याच्यावर जे येते त्याची जबाबदारी माझी."

तिने नाव घेतलं नाही. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. पण घरी येईपर्यंत मला तिचा रागच आला. मोठेपणसुद्धा तिनेच घ्यायचं. सगळं गाव तिला बोलत होतं आणि ती तिथे उभी अशी दिसत होती, की कोणाला वाटावं, हिच्यासारखी हीच.

सभेने ठरवलं, ग्रुप पुन्हा हेमराजने सांभाळावा. मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं.

३१ मार्च, सोमवार

ग्रुप माझ्याकडे आला. आज लिहिलं, 'वाघ रोपवनाजवळ. जाऊ नये.' कोणी गेलं नाही. कोणी चिडलंही नाही. एकाने लिहिलं, हेमराजभाऊचंच बरं होतं, एका ओळीत काम.

हेच मला हवं होतं. तीन आठवडे मी हेच मागत होतो. आज जेवण गेलं नाही. पित्त झालं असावं.

चंद्रपूरच्या कार्यशाळेला आता दिव्यानी जाणार नाही. वारलूभाऊंनी माझं नाव सुचवलं.

५ एप्रिल, शनिवार

चंचल म्हणाली, दवाखान्यात कधी जाणार? मी फेऱ्यांचं कारण सांगितलं. तिने डबा भरला, माझ्या हातात दिला, आणि स्वतः चपला घालून एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. मग जावंच लागलं.

आशाबाईंचं डोकं पूर्ण बांधलेलं आहे. उजवा हात हलत नाही, पुढेही पूर्ण हलेल असं डॉक्टर सांगत नाहीत. मला पाहून त्यांनी डावा हात पुढे केला. दहा दिवसांत किती बारीक झाल्या आहेत. सोमाजीभाऊ स्टुलावरून उठले आणि मला बसायला लावलं.

त्यांना आठवत होतं. अर्थात आठवणारच. म्हणाले, त्या संध्याकाळी दिव्यानीचा आवाज ऐकला तेव्हा आम्ही जायचं नाही असंच ठरवलं होतं. मग पहाटे उठल्यावर त्यांनी फोन उघडला. सगळ्यात खाली माझा मेसेज होता. ते बोट ठेवून एकेक शब्द वाचतात. उद्या. नाल्यावर. वाघ. नाही. खुशाल. जा. सगळे. त्यांनी तो दवाखान्यातही मला तसाच म्हणून दाखवला, पाठ झाला होता. त्यांच्या तोंडून त्यात टोमणा कुठेच नव्हता. एखाद्या भल्या माणसाने सांगावं तसा वाटत होता.

मी म्हटलं, दिव्यानीने तर नाही म्हटलं होतं, मग तिचं का नाही ऐकलं?

आशाबाई बोलल्या. आवाज फार बारीक झाला आहे. "ते पोरगी मायेनं बोलते, बाबा. मायेचं मानूस जास्तीच भेव दाखवते. तू तसा नाईस. तू कधी गंमत करत नाईस, कधी गोड बोलत नाईस. तू वाघ हाय म्हटलं म्हनजे हाय, नाई म्हटलं म्हनजे नाई. गावात सगळे असंच म्हनतेत."

सोमाजीभाऊ म्हणाले, "मानसाची चूक होते. वाघ काय सांगून येते? तू मनाले लावून घेऊ नोको."

त्यांना वाटतं, माझा अंदाज चुकला. बारा वर्षांत पहिल्यांदा चुकला, म्हणून मला वाईट वाटत असेल, असं त्यांना वाटतं. आणि मी मान हलवली.

गावात सगळे असंच म्हणतात, हे मला कोणी कधी सांगितलं का नाही?

७ एप्रिल, सोमवार

ग्रुपवर लिहायचं ठरवलं. दुपारपासून बसलो.

पहिला: '२५ तारखेचा मेसेज माझा होता. तो गमतीने लिहिला होता. लोकांनी समजून घ्यायला हवं होतं.' वाचला तर सोमाजीभाऊंनाच दोष दिल्यासारखा.

दुसरा: 'माझ्याकडून फार मोठी चूक झाली, मला माफ करा, मी हात जोडतो.' हा तर निवडणुकीत पडलेल्या माणसाचा वाटला.

तिसरा: 'तो मेसेज माझा होता. हेमराज.' हा बरोबर होता. पण नोटीस वाटत होती. आणि मी तिसराही पाठवला नाही.

चंचल मागे उभी होती ते कळलं नाही. तिने फोनवरचं वाचलं. मी म्हटलं, तुला माहीत होतं का? ती म्हणाली, "त्याच संध्याकारी वाचला होता. माही मोठी जाऊ सांगाले आली, भाऊजीनं लिवलं, उद्या जाऊ नाल्यावर. मी तिले थांबवलं."

"का?"

"मले तुमचा आवाज माहीत हाय ना. वाचता वाचता आयकू आला. दिव्यानीवर जळून बोलता तेव्हाचा."

मी विचारलं, मग सगळ्यांना का नाही सांगितलंस? ती बराच वेळ ओट्यावरचे तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, आपल्या नवऱ्याचं हसं ग्रुपवर कोणती बायको करते? आणि तिला वाटलं, बाकीच्यांनाही तो आवाज ऐकू येत असेल. तिच्या डोळ्यात पाणी होतं. ते त्या रात्रीपासून आहे असं म्हणाली. मला दिसलं नव्हतं.

९ एप्रिल, बुधवार

दिव्यानीच्या घरी गेलो. ती आणि तिची आई अंगणात मोहफूल वाळत घालत होत्या. आई आत निघून गेली. हल्ली तिला गेटवर फेऱ्या कमी मिळतात, असं प्रफुलकडून कळलं होतं. अपघाताची गोष्ट मोहर्लीपर्यंत गेली आहे.

मी सरळच विचारलं. "तू त्या दिवशी माझं नाव काऊन नाई घेतलं?"

ती फूल पसरवत राहिली. "मले वाटलं तुमी घ्याल."

"सभेत?"

"सभेत. नाई तं दुसऱ्या दिवशी. नाई तं आठ दिवसानं." मग वर पाहून म्हणाली, "भाऊ, मी अजून वाट पाहून राह्यली."

ती चिडून बोलली असती तर मला उत्तर सापडलं असतं. ती जशी बोलली तसं तर आपण एसटीची वाट पाहतो म्हणून सांगतो. मी म्हटलं, तुझ्याकडे मेसेजचा फोटो असेल, दाखव सगळ्यांना. ती म्हणाली, आहे, पण ते तिचं काम नाही. मला तिचा इतका राग आला की मी चपला न घालताच अंगणाबाहेर पडलो, आणि परत आत जाऊन चपला घ्याव्या लागल्या.

इथे खरं लिहायचं म्हणून लिहितो. तिला राग यावा, तिने रडावं, मला चार शिव्या द्याव्यात, असं मला वाटतं. तेवढं एक तरी तिला माझ्यापेक्षा वाईट जमावं.

१९ एप्रिल, शनिवार

आशाबाई घरी आल्या. संध्याकाळी सगळं गाव त्यांच्या अंगणात. कोणी बसलं, कोणी कुडाला टेकून उभं. वारलूभाऊ होते, प्रफुल होता. दिव्यानीही आली होती, पण मागे, गोठ्याजवळ उभी होती, आणि कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. आशाबाईंच्या जावेने तिला पाणीही विचारलं नाही, हे मी पाहिलं.

मी काय बोलायचं ते घरून ठरवून नेलं होतं. ते सगळं विसरलो. उभा राहिलो आणि म्हटलं, "खुशाल जा, असं मी लिवलं होतं. दिव्यानीनं नाई."

सोमाजीभाऊ म्हणाले, हो, आमाले माहीत हाय, चूक झाली तुझी.

"चूक नाई झाली. वाघीन बांबूत नाई हे मले माहीत नव्हतं. मी तिकडं पाह्यलंच नाई. मी दिव्यानीले टोमना मारला होता. खुशाल जा म्हनजे जाऊ नोका, असा तो होता. मंग मी तो काढून टाकला. आन् सभेत गप्प बसलो."

आशाबाई खाटेवर पडून होत्या. त्यांनी विचारलं, "टोमना कायले?"

"तिचं सगळे आयकतेत म्हून."

हे मी कोणापुढे कधी बोललो नव्हतो. या वहीतही लिहिलं नव्हतं. मागचं सगळं आज चाळून पाहिलं, कुठेच नाही.

आशाबाईंनी तोंड कुडाकडे फिरवलं. कान नसलेली बाजू माझ्याकडे आली. माझं ऐकायचं नव्हतं म्हणून फिरवलं, की मान दुखली, मला कळलं नाही. वारलूभाऊ जमिनीकडे पाहत होते. प्रफुल कधी निघून गेला ते दिसलं नाही. सोमाजीभाऊ थोड्या वेळाने म्हणाले, "चहा घेऊन जा." ते बस म्हणून बोलले की नीघ म्हणून, हे मी अजून ठरवतो आहे. मी चहा घेतला नाही.

निघताना गोठ्याजवळून गेलो. आशाबाईंची जाऊ दिव्यानीला पाण्याचा गडवा देत होती.

२३ एप्रिल, बुधवार

ग्रुप दिव्यानीकडे गेला. चंद्रपूरची कार्यशाळाही तिच्याकडे गेली. वारलूभाऊ मला रस्त्यात भेटले तर राम राम घालतात, थांबत नाहीत. साहेबांनी लेखी खुलासा मागवला होता, तो दिला. एका पानात लिहिला. त्यात एकही शब्द खोडला नाही.

सकाळी सोमाजीभाऊंच्या मोहाखाली मी आणि चंचल जातो, दोघांपैकी एक जण उभा राहून पहारा देतो. फूल वेचून त्यांच्या अंगणात ओततो. ते नको म्हणत नाहीत, बसा म्हणत नाहीत.

४ मे, रविवार

सकाळच्या फेरीहून परत येताना तलावाच्या पाळीवर ताजे ठसे दिसले. वाघीण आणि दोन्ही पिल्लं. ठसे तळ्यातल्या सिंदीच्या झुडपात गेलेले, परत आलेले नाहीत. दुपारी बायका तिथे धुणं घेऊन जातात. दिव्यानीचा फोन लागत नव्हता, म्हणून मीच ग्रुपवर लिहिलं. 'तलावावर वाघीण, पिलं सोबत. ठसे मी स्वतः पाहिले. दुपारी कोणी जाऊ नये.'

अर्धा तास ग्रुपवर काहीच नाही. मी ओसरीत बसलो होतो. सोमाजीभाऊ घरातून बाहेर आले, हातात फोन होता. मला वाटलं, माझ्याकडेच येतात. मी उठून उभा राहिलो. ते माझ्या फाटकावरून पुढे गेले आणि गल्लीच्या टोकाला दिव्यानीच्या घरी शिरले. त्यांच्या मागून आणखी दोघं गेले. मग एक बाई धुण्याची बादली तशीच हातात घेऊन गेली. हे खरं आहे की पुन्हा टोमणा आहे, हे विचारायला ते तिच्याकडे गेले होते. माझ्या घरापुढून.

थोड्या वेळाने तिचा आवाज आला ग्रुपवर. "हेमराजभाऊनं लिवलं ते खरं हाय, बाप्पा. त्यायले ठसे माझ्यापेक्षा चांगले समजतेत, मी त्यायच्याकडूनच शिकली. तलावावर कोनी जाऊ नोका." एवढंच.

दुपारी कोणी गेलं नाही. चारच्या सुमारास वाघीण पाळीवरून उतरून पलीकडे निघून गेली, गुराख्यांनी दुरून पाहिली.

मी तिचा तो संदेश तीन वेळा ऐकला. तिसऱ्यांदा फोन कानाला लावून ऐकला. 'माझ्यापेक्षा चांगले' म्हणताना कुठे आवाज चढतो का, कुठे थोडं हसू आहे का, कुठे तरी टोचते का, ते शोधत होतो. काही नव्हतं. ती जे बोलली तेच तिला म्हणायचं होतं.

थोडा तरी टोमणा सापडला असता, तर मला आज झोप लागली असती.